हार्ट अटॅकनंतर खराब झालेलं हृदय दुरुस्त होतं का? ‘एक्सोसोम’ उपचाराची खरी माहिती, जुन्नर-आंबेगावकरांनी वाचावी अशी

मंचर / नारायणगाव : अटॅक येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, पेशंट घरी आला. पण पहिल्यासारखा दम काही राहिला नाही. बांधावरून एक चक्कर मारली तरी धाप लागते, जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, संध्याकाळी पायाला सूज येते. डॉक्टर इकोचा रिपोर्ट बघून सांगतात, ‘पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय.’ मग घरातलं कुणीतरी मोबाईलवर उपाय शोधायला लागतं. तिथं एक नवीन शब्द भेटतो, ‘एक्सोसोम’. स्टेम सेलपासून बनवलेलं इंजेक्शन, हृदयाचा मेलेला भाग पुन्हा जिवंत करतं, ऑपरेशन नाही, त्रास नाही, असं सांगणारे व्हिडिओ असतात. फॉरवर्ड होत होत ते गावच्या ग्रुपवर येतात.

यात खरं किती आणि बढाई किती? खरं बरंच आहे. जगातल्या मोठ्या प्रयोगशाळा पंधरा-वीस वर्षं या विषयावर काम करत आहेत आणि त्याच्याशी जवळचं संशोधन आपल्या पुण्यातही झालेलं आहे. पण प्रयोगशाळेतलं यश आणि दवाखान्यातला उपचार यांच्यात मोठं अंतर असतं. ते अंतर ठाऊक नसेल, तर एखादं कुटुंब जमीन गहाण ठेवून बसायचं. म्हणून हा विषय पहिल्यापासून समजून घेतलेला बरा.

अटॅकमध्ये हृदयाचं नेमकं काय होतं?

ठिबकवरची टोमॅटोची बाग डोळ्यांपुढे आणा. एक नळी चोकअप झाली, तर त्या नळीवरची झाडं सुकायला लागतात. नळी लवकर मोकळी केली तर झाडं सावरतात. चार दिवसांनी मोकळी केली तर पाणी येतं, पण वाळलेलं झाड काही उठत नाही.

हृदयाचंही असंच आहे. हृदय म्हणजे सतत आकुंचन-प्रसरण पावणारा स्नायू. त्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या वेगळ्या असतात. त्यातल्या एकीत चरबीचा थर फुटून रक्ताची गाठ अडकली, की पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही. हाच हार्ट अटॅक. अर्ध्या तासात तिथल्या पेशी मरायला सुरुवात होते आणि पुढच्या काही तासांत मरणाऱ्या पेशींची संख्या वाढत जाते. मोठ्या अटॅकमध्ये शंभर कोटींच्या आसपास पेशी जाऊ शकतात.

मेलेल्या पेशींच्या जागी शरीर वण तयार करतं. हातावर विळा लागल्यावर जसा वण राहतो तसाच. हा वण हृदयाची भिंत फुटू देत नाही, हा त्याचा फायदा. पण वण आकुंचन पावत नाही. त्यामुळे उरलेल्या स्नायूवर जास्तीचं काम पडतं, हृदय हळूहळू फुगत जातं आणि पंपिंग कमी होतं. इकोच्या रिपोर्टमध्ये ‘ईएफ’ म्हणून जो आकडा असतो, तो हाच. निरोगी माणसाचा हा आकडा साधारण ५५ ते ७० टक्के असतो. तो ४० च्या खाली गेला की डॉक्टर हार्ट फेल्युअरची औषधं सुरू करतात. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदयाची ताकद कमी पडणं, एवढाच त्याचा अर्थ.

हाड जुळतं, कातडी भरून येते, मग हृदय का नाही?

कारण मोठ्या माणसाच्या हृदयात नवीन स्नायू-पेशी फारच हळू तयार होतात. हे मोजलं कसं, ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९५० ते १९६० च्या दशकांत मोठ्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेत एका खास प्रकारच्या कार्बनचं प्रमाण वाढलं. तो कार्बन अन्नातून माणसांच्या पेशींत गेला. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी या कार्बनवरून हृदयाच्या पेशींचं वय काढलं आणि २००९ साली निष्कर्ष मांडला. पंचवीस वर्षांच्या माणसाच्या हृदयात वर्षाला सुमारे १ टक्का स्नायू-पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीला हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. म्हणजे नवं येतं, पण अटॅकमधलं नुकसान भरून निघेल एवढं नाही.

काही प्राण्यांना मात्र हे जमतं. झेब्राफिश नावाचा बोटाएवढा पट्ट्यांचा मासा आपल्या भारतातल्या ओढ्या-नद्यांत सापडतो. त्याच्या हृदयाचा तुकडा कापला तरी काही आठवड्यांत तो पुन्हा वाढतो. हे त्याला कसं जमतं, यावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत काम चालतं. हृदयाला इजा झाल्यावर ‘सीसीएन२ए’ नावाचं एक प्रथिन या माशात तयार होतं आणि ते हृदय भरून यायला मदत करतं, असं या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत २०२१ साली दाखवून दिलं. माशाला जे जमतं ते माणसात का होत नाही, हा शोध अजून चालू आहे.

आधी आले स्टेम सेल

स्टेम सेल, मराठीत मूलपेशी, म्हणजे अजून ‘काय व्हायचं’ ते न ठरलेली पेशी. नर्सरीतल्या रोपासारखी म्हणा. अस्थिमज्जेत (हाडाच्या आतल्या मगजात) अशा पेशी असतात, बाळाच्या नाळेत असतात. २००६ साली जपानचे शिन्या यामानाका यांनी तर उंदराच्या साध्या कातडीच्या पेशीला पुन्हा मूलपेशी करून दाखवलं, पुढच्या वर्षी माणसाच्या पेशीवर तेच केलं. त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं.

मग शास्त्रज्ञांच्या मनात सरळ विचार आला. झाडं वाळली आहेत ना, मग तिथं नवीन रोपं लावू. हृदयाच्या मेलेल्या भागात मूलपेशी सोडू, त्यांचा स्नायू होईल. २००१ च्या सुमारास उंदरांवरचे असे प्रयोग गाजले. लगेच माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या.

इथं दोन गोष्टी घडल्या.

पहिली वाईट. हृदयात स्वतःच्या मूलपेशी असतात आणि त्या स्नायू बनवतात, असा मोठा दावा अमेरिकेत पिएरो अँव्हर्सा या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेनं केला होता. दुसऱ्यांना तो निकाल मिळेना. चौकशी झाली. २०१८ साली हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि तिथल्या रुग्णालयानं सांगितलं, की या प्रयोगशाळेच्या ३१ शोधनिबंधांत खोटी किंवा बनवलेली माहिती आहे, ते मागे घ्यावेत. जगातल्या नामांकित ठिकाणीही असं होऊ शकतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मग कुठल्याशा व्हिडिओतल्या दाव्यावर किती विश्वास ठेवायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

दुसरी गोष्ट चांगली आणि कोड्यात टाकणारी. प्राण्यांच्या हृदयात सोडलेल्या मूलपेशी बहुतेक काही दिवसांतच मरून जात होत्या. स्नायू काही होत नव्हता. तरीही कित्येक प्राण्यांचं हृदय थोडं सुधारत होतं. लावलेलं रोप जळालं, पण शेजारची झाडं तरारली, असा हा प्रकार. मग फायदा दिला कुणी?

एक्सोसोम म्हणजे पेशीची चिठ्ठी

उत्तर असं निघालं, की मूलपेशी मरण्याआधी काहीतरी बाहेर सोडतात आणि खरं काम ते करतं. त्यात मोठा वाटा एक्सोसोमचा.

आपल्या शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी अतिशय बारीक पिशव्या बाहेर सोडत असतात. त्यांचा आकार ३० ते १५० नॅनोमीटर. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत त्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर शेकड्यांनी बसतील. साध्या मायक्रोस्कोपखाली त्या दिसतही नाहीत. या पिशवीच्या आत प्रथिनं असतात आणि मायक्रो आरएनए नावाचे छोटे निरोप असतात. एका पेशीनं सोडलेली पिशवी दुसरी पेशी आत घेते, निरोप वाचते आणि त्याप्रमाणे वागायला लागते. ‘सूज कमी कर’, ‘मरू नकोस’, ‘नवीन रक्तवाहिनी काढ’, असे हे निरोप.

याचा शोध लागला तो मेंढीच्या रक्तामुळे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टन या शास्त्रज्ञ मेंढीच्या अर्धवट वाढलेल्या तांबड्या पेशींचा अभ्यास करत होत्या. त्या पेशी मोठ्या होताना नको असलेला माल बारीक पिशव्यांत भरून बाहेर टाकतात, हे १९८३ साली त्यांच्या गटाला दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाला उंदराच्या रक्तात तसंच आढळलं. १९८७ साली जॉनस्टन यांनी त्याला ‘एक्सोसोम’ नाव दिलं. पुढची वीस वर्षं बहुतेकांना हा पेशीचा कचराच वाटायचा. २००७ साली स्वीडनमधल्या गटानं दाखवलं, की या पिशव्यांत आरएनए असतो आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन काम करतो. कचरा समजून ज्याकडे दुर्लक्ष झालं, तो निरोप निघाला.

हृदयावर प्रयोग कसे झाले?

सिंगापूरच्या साई कियांग लिम आणि त्यांच्या नेदरलँड्समधल्या सहकाऱ्यांनी आधी डुकरांवर प्रयोग केला. मूलपेशी ज्या द्रवात वाढवल्या होत्या, नुसता तो द्रव दिला. पेशी दिल्याच नाहीत. तरी अटॅकचं नुकसान कमी झालं. मग त्या द्रवात नेमकं काय आहे ते शोधत गेल्यावर २०१० साली त्यांनी दाखवलं, की उंदरात हे काम एक्सोसोम करतात.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात एदुआर्दो मार्बान यांच्या गटानं हृदयाच्याच तुकड्यापासून वाढवलेल्या पेशी वापरल्या. २०१४ साली त्यांनी सांगितलं, की या पेशींचा फायदा त्यांच्या एक्सोसोममुळे होतो. पेशींना एक्सोसोम सोडूच दिले नाहीत, तर फायदाही जातो. २०१७ साली याच गटानं डुकरांवर प्रयोग केला. डुकराचं हृदय आकारानं माणसाच्या हृदयाजवळचं असतं, म्हणून हा प्रयोग महत्त्वाचा. वण कमी झाला, पंपिंग टिकून राहिलं. पण एक अट निघाली. एक्सोसोम हृदयाच्या स्नायूत सुईनं टोचले तरच उपयोग झाला, रक्तवाहिनीतून सोडले तर झाला नाही.

ही अट नीट लक्षात घ्या. ‘सलाईनमधून देतो, दोन तासांत घरी जा’ असं कुणी म्हणालं, तर दिलेल्या एक्सोसोमपैकी हृदयापर्यंत किती पोचणार, हा पहिला प्रश्न. शिरेतून दिलेले एक्सोसोम बरेचसे यकृत आणि प्लीहा ओढून घेतात.

पुण्यात काय काम झालंय?

पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची ही संस्था. तिथं डॉ. वैजयंती काळे यांच्या गटानं या बारीक पिशव्यांवर काम केलं. विषय हृदयाचा नव्हता, रक्ताचा होता. तरुण उंदराच्या अस्थिमज्जेतल्या पेशींनी सोडलेल्या पिशव्या म्हाताऱ्या उंदराच्या रक्त बनवणाऱ्या मूलपेशींना दिल्या, तर त्या पुन्हा जोमानं काम करतात, असं २०१८ साली त्यांनी प्रसिद्ध केलं. पिशवीतला निरोप तरुण पेशीचा आहे की म्हाताऱ्या, यानं फरक पडतो, हे यातून कळलं.

म्हणजे कुणाच्याही, कुठल्याही पेशीतून काढलेले एक्सोसोम सारखे नसतात. कॅन्सरच्या पेशीसुद्धा एक्सोसोम सोडतात आणि त्यांची मदत घेऊन कॅन्सर शरीरात पसरतो, हेही संशोधनात दिसलेलं आहे. बाटलीवर ‘एक्सोसोम’ लिहिलेलं असलं म्हणजे आतला माल चांगलाच असेल असं नाही.

मग औषध अजून बाजारात का नाही?

याची चार मोठी कारणं आहेत.

एक, वेगळे काढणं अवघड. डेअरीतला सेपरेटर जसा दूध फिरवून मलई वेगळी करतो, तसंच हे काम आहे. फक्त इथलं मशीन गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक लाख पट जोरानं फिरवावं लागतं, तेही तासन् तास. एवढं करून हाती येतो तो थेंबभर माल, आणि त्यात दुसरी प्रथिनंही मिसळलेली असतात.

दोन, प्रत्येक लॉट सारखा येत नाही. पेशींचं वय, त्यांना दिलेलं खाद्य, ऑक्सिजन, यावर निरोप बदलतो. गोळी म्हटलं की प्रत्येक गोळीत तेवढंच औषध असावं लागतं. इथं ते जमवणं अजून कठीण जातंय.

तीन, डोस. किती द्यायचे, किती वेळा द्यायचे, अटॅकनंतर पहिल्या दिवशी की सहा महिन्यांनी, याची पक्की उत्तरं नाहीत.

चार, उंदीर आणि माणूस यांच्यातला फरक. मार्बान यांच्याच पेशींचं उदाहरण घ्या. रुग्णाच्या स्वतःच्या हृदयातून काढलेल्या पेशींची छोटी चाचणी झाली. २०१२ साली निकाल आला, वण कमी झाला. सगळीकडे बातम्या झाल्या. नंतर दुसऱ्यांच्या हृदयातून काढलेल्या पेशींची मोठी चाचणी झाली. २०२० साली तिचा निकाल छापून आला. पेशी दिलेले आणि न दिलेले, यांच्या वणात फरक पडला नव्हता.

फायदे नाहीत असंही नाही. एक्सोसोम ही जिवंत पेशी नाही, त्यामुळे शरीरात गेल्यावर ती वाढून गाठ होण्याची भीती नसते. गोठवून साठवता येतात. शरीर त्यांना परकं समजून हाकलून देण्याची शक्यता पेशींपेक्षा कमी. म्हणूनच शास्त्रज्ञ सोडायला तयार नाहीत. पॅरिसमध्ये हृदय शल्यचिकित्सक फिलिप मेनाशे यांच्या गटानं मूलपेशींपासून तयार केलेल्या पिशव्या हार्ट फेल्युअरच्या मोजक्या रुग्णांना शिरेतून द्यायला सुरुवात केली आहे. ही पहिल्या टप्प्याची चाचणी. माणसाला अपाय होत नाही ना, एवढंच या टप्प्यात मुख्यतः बघतात. रोग बरा होतो का, हा प्रश्न पुढच्या टप्प्यांत येतो.

भारतात परवानगी आहे का?

हृदयासाठी एक्सोसोमचं कोणतंही मान्यताप्राप्त औषध भारतात नाही. अमेरिकेतही नाही. तिथं नेब्रास्का राज्यात एक्सोसोम म्हणून विकलेलं उत्पादन घेतल्यावर काही रुग्णांना गंभीर त्रास झाला. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं लोकांना जाहीर इशारा दिला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) २०१७ साली मूलपेशींबाबत राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट आहे, की रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मान्य उपचार, बाकीचा मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीतच व्हायला हवा. चाचणीबाहेर पैसे घेऊन असा उपचार करणं योग्य नाही. शिवाय हृदयविकार बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानं बंदी आहे.

चाचणी खरी की धंदा, कसं ओळखायचं?

कुणी ‘आमच्याकडे ट्रायल चालू आहे’ म्हणालं, तर हे प्रश्न बिनधास्त विचारावेत :

– चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? औषधांच्या चाचण्यांची ही सरकारी नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. क्रमांक दिला तर मोबाईलवरच तपासता येतो.
– नैतिकता समितीची आणि केंद्राच्या औषध नियंत्रकांची परवानगी आहे का?
– माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत आहे का? घरी नेऊन वाचायला वेळ देणार का?
– चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई कोण देणार? २०१९ च्या नियमांनुसार ही जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर असते.
– पैसे किती? चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. लाखांचं पॅकेज सांगितलं, की उठून यावं.

आणखी एक खूण. खरा संशोधक ‘कदाचित’ म्हणतो, ‘अजून माहीत नाही’ म्हणतो. शंभर टक्के गॅरंटी आणि ‘आजच बुकिंग करा’ अशी भाषा तो करत नाही.

आज हातात काय आहे?

एक्सोसोमची वाट बघताना आज मिळणारा उपचार सुटायला नको. सगळ्यात मोठं नुकसान तिथंच होतं.

पहिली गोष्ट वेळेची. हृदयाचा स्नायू वाचवायचा तर तो मरण्याआधी. छातीत दाबल्यासारखं होणं, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम सुटणं, ही लक्षणं. बायकांना आणि शुगर असलेल्यांना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप लागते, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं. ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा, सोडा घेऊन सकाळपर्यंत थांबण्यात किती जणांचा वेळ जातो, हे प्रत्येक गावाला माहीत आहे.

मंचरहून पुणे साधारण साठ किलोमीटर, जुन्नरहून नव्वदच्या पुढे. आहुपे किंवा नाणेघाटाकडच्या वाड्यांतून तर आधी डांबरी रस्त्याला लागेपर्यंतच वेळ जातो. म्हणून थेट पुण्याचा हट्ट न धरता आधी १०८ ला फोन करावा आणि जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढावा. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नरची ग्रामीण रुग्णालयं, नाहीतर ईसीजीची सोय असलेला जवळचा कुठलाही दवाखाना. ईसीजीत मोठा अटॅक दिसला, तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन देऊन मग पुढे पाठवता येतं. हे इंजेक्शन पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, बारा तासांनंतर सहसा देत नाहीत. रुग्णाला मोटारसायकलवर बसवून नेऊ नये, चालवत तर मुळीच नेऊ नये.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. पंपिंग कमी झालेल्यांसाठी आज औषधांचे चार मुख्य गट आहेत. त्यातला एक तर मुळात शुगरसाठी निघालेला. या चारांनी आयुष्य वाढतं आणि दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी येते, हे हजारो रुग्णांच्या चाचण्यांत सिद्ध झालंय. कित्येकांचा ईएफ काही महिन्यांत वाढतोसुद्धा, कारण अटॅकनंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. बऱ्याच गोळ्या जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्या परस्पर बंद करणं धोक्याचं. स्टेंट टाकलेल्यांनी रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना न विचारता सोडली, तर स्टेंटमध्येच पुन्हा गाठ होऊ शकते.

तिसरी गोष्ट रोजच्या सवयींची. मिठाचा हात आखडता घ्यावा, पापड-लोणचं कमी. तंबाखू, मशेरी, विडी बंद. रोज सकाळी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते अंगात साठलेलं पाणी असू शकतं, लगेच डॉक्टरांना कळवावं. बीपी आणि शुगर तपासायला आरोग्य उपकेंद्र जवळच असतं.

चौथी गोष्ट खर्चाची. अँजिओप्लास्टी, बायपास यांसारख्या हृदयाच्या उपचारांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. अंगीकृत रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावं, रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ कुठे बसतो ते विचारावं. योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ आहे. कर्ज काढण्याआधी हा एक फोन नक्की करावा.

पुढे काय?

एक्सोसोमचं संशोधन थांबलेलं नाही. उद्या-परवा नाही, पण पुढच्या काही वर्षांत माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल येत राहतील. त्यातून औषध निघालं, तर ते सरकारची मान्यता घेऊन, हृदयरोगतज्ज्ञांच्या हातून येईल. तोपर्यंत हृदयासाठी एक्सोसोम विकणारी जाहिरात ग्रुपवर आली, तर पैसे भरण्याआधी ती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावी. आणि घरात अटॅक येऊन गेलेलं माणूस असेल, तर आज रात्रीची गोळी घेतली का, तेवढं विचारावं.

(ही माहिती सर्वसामान्य वाचकांसाठी आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं.)